मनाचा ताण मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची परीक्षा

'शहरातील दर चार माणसांपैकी एक मानसिक तणावाखाली' अशा आशयाचे मथळे वृत्तपत्राच्या वाचकाला आता नवे राहिलेले नाहीत. या आकड्यांमागे बहुतेक वेळा मानसोपचारतज्ज्ञाने केलेली तपासणी नसते. दहा-बारा प्रश्नांचा एक कागद असतो. झोप नीट लागते का, कशात मन रमते का, उगाच थकवा वाटतो का, असे प्रश्न विचारले जातात, उत्तरांना गुण दिले जातात आणि ठराविक गुणांच्या पुढे गेलेली व्यक्ती 'तणावग्रस्त' म्हणून मोजली जाते. आकडा छापून येतो, त्यावर चर्चा झडते, क्वचित सरकारी योजनाही आखल्या जातात. तो कागद जे मोजण्याचा दावा करतो तेच मोजतो की नाही, हे कोणी, कोणत्या लोकांवर आणि कशाशी ताडून पाहिले, ही माहिती मात्र मथळ्यापर्यंत पोहोचत नाही. या ताडून पाहण्यालाच प्रश्नावलीची वैधता तपासणे म्हणतात. दवाखान्यात उपयोगी ठरलेली प्रश्नावली सर्वसामान्य लोकसंख्येत नेली की ही तपासणी विलक्षण अवघड होते.

मुळात 'मानसिक क्लेश' ही आजाराची व्याख्या नव्हे. उदासी, चिंता, चिडचिड, निद्रानाश, हताशपणा यांची ती गोळाबेरीज आहे. ब्रूस डोहरेन्वेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले की, अशा बहुतेक प्रश्नावल्या कोणत्याही एका विकारावर बोट ठेवत नाहीत. त्या एक सर्वसाधारण खचलेपण मोजतात. त्याची तुलना अंगातल्या तापाशी करता येते. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो. तो हिवतापाचा की साध्या पडशाचा, हे सांगत नाही. मात्र थर्मामीटरचा पारा रत्नागिरीत आणि लंडनमध्ये सारखाच चढतो. प्रश्नावलीच्या बाबतीत तेवढी खात्री देता येत नाही.

या कागदांचा उगम सैन्यभरतीत आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी मनाने कच्चे ठरणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून हो-नाही स्वरूपाची प्रश्नावली तयार केली. ती प्रत्यक्ष वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले. दुसऱ्या महायुद्धानंतर हेच तंत्र नागरी वस्त्यांकडे वळले. न्यूयॉर्कमधील मिडटाऊन मॅनहॅटन भागातल्या १,६६० प्रौढांच्या मुलाखती १९५०च्या दशकात घेण्यात आल्या आणि १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानसिकदृष्ट्या पूर्ण निरोगी म्हणावेत असे लोक निघाले केवळ १८.५ टक्के, तर दैनंदिन जीवनात बाधा येण्याइतकी लक्षणे असलेले २३.४ टक्के. अमेरिकेत खळबळ उडाली. मानसोपचारतज्ज्ञांनी ही वर्गवारी त्या लोकांना न पाहता, मुलाखतींच्या लेखी गोषवाऱ्यावरून केली होती, हा तपशील खळबळीत मागे पडला. त्याच अभ्यासातून टॉमस लँगनर यांची २२ प्रश्नांची मापनी निघाली आणि पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली. तिच्यावरचा मुख्य आक्षेप असा की, धडधड, डोकेदुखी, अन्नावरची वासना उडणे अशा शारीरिक तक्रारींना तीत मोठे स्थान होते. हृदयविकाराचा किंवा पोटाच्या विकाराचा रुग्ण मनाने ठणठणीत असला तरी गुणांमध्ये 'मनोरुग्ण' ठरू शकत असे.

या गोंधळातून बाहेर पडण्याचा शिस्तबद्ध प्रयत्न लंडनच्या मॉडस्ली संस्थेतील डेव्हिड गोल्डबर्ग यांनी केला. त्यांची 'जनरल हेल्थ क्वेश्चनेअर', संक्षेपाने 'जीएचक्यू', १९७२ साली सविस्तर प्रसिद्ध झाली. मूळ प्रश्न ६०. पुढे ३०, २८ आणि १२ प्रश्नांच्या आवृत्त्या निघाल्या. बारा प्रश्नांची आवृत्ती आज जगभर सर्वाधिक परिचित आहे. तिच्यातून शारीरिक आजारी माणसेही ज्यांना सहज 'हो' म्हणतील असे प्रश्न काढून टाकलेले आहेत. गोल्डबर्ग यांनी वैधता तपासण्याची जी पद्धत वापरली तीच पुढे प्रमाण मानली गेली. कुटुंबवैद्याच्या दवाखान्यात येणाऱ्यांनी आधी प्रश्नावली भरायची; मग मानसोपचारतज्ज्ञाने स्वतंत्र मुलाखत घ्यायची आणि शेवटी दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहायचे. त्यातून दोन संख्या हाती येतात. खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जण प्रश्नावलीने पकडले, ती संवेदनक्षमता. आणि निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना तिने बरोबर सोडून दिले, ती विशिष्टता.

जीएचक्यूमधला एक बारकावा मराठी वाचकालाही विचार करायला लावेल असा आहे. तिची उत्तरे 'नेहमीच्या' तुलनेत द्यायची असतात: मुळीच नाही, नेहमीइतकेच, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा खूपच जास्त. पहिल्या दोन उत्तरांना शून्य गुण, पुढच्या दोनांना एक. आता ज्या बाईची झोप दहा वर्षांपासून उडाली आहे तिने काय सांगावे? 'नेहमीइतकीच' हे तिचे उत्तर अगदी खरे आहे आणि गुण शून्य आहेत. ताजे दुःख या चाळणीत अडकते, मुरलेले दुःख तिच्यातून निसटते. १९८५ साली गुडचाइल्ड आणि डंकन-जोन्स यांनी त्रासदर्शक प्रश्नांना दिलेले 'नेहमीइतकेच' हे उत्तरही एक गुण धरावे, अशी सुधारणा सुचवली. सुधारणा चांगली आहे. पण त्यामुळे गुण वाढतात आणि आजारी-निरोगी यांच्यातला उंबरठा पुन्हा नव्याने ठरवावा लागतो.

दवाखान्यातून वस्तीत येताना खरी फसगत कुठे होते, हे अंकगणिताने चटकन कळते. एका प्रश्नावलीची संवेदनक्षमता ८८ टक्के आणि विशिष्टताही ८८ टक्के आहे असे समजू. 'पीएचक्यू-९' ही नैराश्याची बहुप्रचलित प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा १० गुणांच्या उंबरठ्याला हेच आकडे मिळाले होते. ज्या दवाखान्यात हजारांपैकी ३०० जण खरोखर आजारी आहेत, तिथे ती २६४ जणांना पकडेल आणि ७०० निरोगी लोकांपैकी ८४ जणांना चुकून आजारी ठरवेल. म्हणजे होकार आलेल्या दर चारांपैकी तीन जण खरे आजारी. हीच प्रश्नावली आता अशा वस्तीत नेऊ, जिथे हजारांत ५० जणच आजारी आहेत. त्यांतले ४४ सापडतील. पण उरलेल्या ९५० निरोगी लोकांतून ११४ जण नाहक यादीत येतील. यादी १५८ जणांची आणि त्यात खरे आजारी ४४. प्रश्न तेच, उंबरठा तोच, कागदही तोच. फक्त माणसे बदलली आणि ५ टक्क्यांचे जवळजवळ १६ टक्के झाले.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. २०२० साली ४४ अभ्यासांतील ९,२४२ व्यक्तींची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात पीएचक्यू-९ च्या दहा गुणांच्या उंबरठ्याने नैराश्याचे प्रमाण २४.६ टक्के दाखवले. त्याच लोकांच्या शिस्तबद्ध वैद्यकीय मुलाखतींतून ते १२.१ टक्के निघाले. दुप्पट! चाळणीला निदान समजून तिच्या आकड्याला 'नैराश्याचे प्रमाण' म्हणण्याची सवय शोधनिबंधांनाही जडलेली आहे. मग वार्ताहरांनाच दोष का द्यावा?

यावर उपाय म्हणून लोकसंख्येसाठीच मापनी घडवण्याचे काम हार्वर्ड विद्यापीठातील रोनाल्ड केसलर यांच्या गटाने केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीसाठी त्यांनी दहा आणि सहा प्रश्नांच्या दोन मापन्या तयार केल्या. त्या 'के-१०' आणि 'के-६' म्हणून ओळखल्या जातात. लोकसंख्येतील सर्वाधिक त्रासलेल्या काही टक्के लोकांना इतरांपासून अचूक वेगळे काढतील असेच प्रश्न त्यांनी शेकडो प्रश्नांतून निवडले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत के-६ मध्ये २४ पैकी १३ गुण हा 'गंभीर मानसिक आजारा'चा उंबरठा ठरला. तो बॉस्टन परिसरातील १५५ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. त्याची संवेदनक्षमता होती अवघी ३६ टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के.

आजारी माणसांपैकी दोन-तृतीयांशांना ओळखू न शकणारे साधन स्वीकारलेच कसे, असे कोणालाही वाटेल. उत्तर पुन्हा अंकगणितात आहे. हजारांत ६० जण गंभीर आजारी आहेत असे धरले, तर के-६ त्यांतले सुमारे २२ पकडेल, ३८ सोडून देईल आणि निरोगी ९४० मधून सुमारे ३८ जणांना चुकीने आजारी म्हणेल. २२ आणि ३८ मिळून ६०. सुटलेले आणि नाहक अडकलेले एकमेकांना जवळजवळ पुरते छेद देतात, म्हणून एकूण आकडा बरोबर येतो. देशात किती खाटा लागतील, किती निधी लागेल हे ठरवणाऱ्याला ही मापनी पुरेशी आहे. त्या यादीतल्या एखाद्या माणसाच्या दारात जाऊन 'तुम्हाला उपचारांची गरज आहे' असे सांगणाऱ्याला मात्र ती साठ टक्क्यांहून अधिक वेळा तोंडघशी पाडेल. वैधता ही प्रश्नावलीच्या अंगभूत गुणांपेक्षा तिच्याकडून कोणते काम घ्यायचे यावर अधिक अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल. शिवाय आजाराचे प्रमाण ६ ऐवजी २ टक्के असलेल्या समाजात हा छेदही बरोबर जमत नाही.

भाषेचा प्रश्न याहून चिवट आहे. प्रश्नावली परक्या भाषेत नेताना एकाने भाषांतर करायचे, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही रूढ रीत आहे. ती आवश्यक आहे, पण तिला फसवणे सोपे आहे. केसलर यांच्या मापन्यांत 'नर्व्हस' हा शब्द आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ धास्तावलेला, अस्वस्थ. मराठी बोलणारा माणूस 'निकाल लागल्यापासून तो नर्व्हस आहे' असे म्हणतो तेव्हा त्याला हिरमुसलेला, खचलेला असे म्हणायचे असते. भाषांतरकाराने सोयीसाठी तोच शब्द देवनागरीत ठेवला, तर परतीच्या भाषांतरात तो तंतोतंत 'नर्व्हस' म्हणूनच उतरेल, समिती समाधानी होईल आणि चिंतेच्या प्रश्नाला लोक उदासीचे उत्तर देत राहतील. 'होपलेस'ची गत त्याहून मजेदार आहे. मराठीत होपलेस असतो तो सिनेमा, रस्ता किंवा दुसऱ्या खात्यातला कारकून. स्वतःच्या भवितव्याबद्दल तो शब्द क्वचितच निघतो. शुद्ध मराठी शब्द घ्यावा तर 'निराश' हा परीक्षेतल्या कमी गुणांनाही चालतो आणि 'हताश' पुस्तकी वाटतो. 'टेन्शन'ने तर चिंता, कर्ज, मुलीचे लग्न आणि रक्तदाब हे सारे एकाच पोत्यात भरले आहे. दुसरीकडे 'जीव घाबरा होतो', 'कशातच जीव रमत नाही', 'डोके भणभणते' या बोलींत जे नेमके सांगितले जाते त्याला इंग्रजी कागदावर जागाच नसते.

हे ओळखून झिम्बाब्वेत उलट दिशेने काम झाले. हरारे येथे १९९०च्या दशकात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी प्रश्न शोना भाषेत नेण्याऐवजी तिथले रुग्ण आणि पारंपरिक वैदू आपला त्रास ज्या शब्दांत सांगत, त्यांतूनच चौदा प्रश्न बांधले. 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करत राहणे, ही शोना कल्पना त्यात आली. ही प्रश्नावली नंतर डिक्सन चिबांडा यांच्या 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमात वापरली गेली. त्या उपक्रमात दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून प्रशिक्षित आज्या त्रासलेल्यांशी बोलतात. सुमारे वीस वर्षांनी, एचआयव्हीचे प्रमाण मोठे असलेल्या लोकांत तिची वैधता पुन्हा तपासली गेली. असे फार थोड्या प्रश्नावल्यांच्या वाट्याला येते.

पटेल मूळचे मुंबईचे आणि त्यांचे पुढचे बरेच काम गोव्यातले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात प्राथमिक आरोग्यसेवेसाठी आलेल्या सुमारे ६०० रुग्णांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या: जीएचक्यू-१२, पीएचक्यू, के-१०, के-६ आणि जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची 'एसआरक्यू'. पाचही बऱ्यापैकी उतरल्या. जीएचक्यू आणि एसआरक्यू सरस ठरल्या. तरीही योग्य उंबरठा लावल्यावर होकार आलेल्यांपैकी खरे आजारी निघण्याचे प्रमाण प्रश्नावलीनुसार सुमारे निम्म्यापासून तीन-चतुर्थांशांपर्यंत बदलत होते. इथे लक्षात घ्यायचे ते असे की, ही सारी माणसे दवाखान्याची पायरी चढून आलेली होती. पणजी-मडगावच्या घरोघरी हेच आकडे मिळतील असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

उंबरठा गावागणिक बदलतो, हे गोल्डबर्ग यांनीही मान्य केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात पंधरा केंद्रांवर केलेल्या अभ्यासात, ज्यात बंगळूरही होते, जीएचक्यू सर्वत्र उपयोगी ठरली. पण आजारी-निरोगी वेगळे करणारे गुण केंद्रागणिक निराळे निघाले. त्या गटाच्या गुणांची सरासरी पाहून उंबरठ्याचा ढोबळ अंदाज बांधता येतो, असे १९९८ साली त्यांनी सुचवले. म्हणजे शेजारच्या राज्याचा उंबरठा उसना आणण्यापेक्षा आपल्या लोकांची सरासरी काढणे बरे.

ज्या मुलाखतीशी प्रश्नावली ताडायची ती तरी सोन्याची कसोटी आहे का? भारतातले दोन आकडे पाहावेत. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात महाराष्ट्र नव्हता, सुमारे ३४,८०० प्रौढांच्या मुलाखतींतून त्या वेळी मानसिक विकार असलेल्यांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले. त्याआधी पुण्यात सुमारे ३,००० प्रौढांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयुष्यात कधीही विकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच निघाले, आणि पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा किंचित जास्त होते. पहिल्यात 'मिनी', दुसऱ्यात 'सीआयडीआय' ही मुलाखतीची साधने वापरली होती. पुणेकर उर्वरित देशाच्या दुप्पट सुखी आहेत, असा निष्कर्ष कोणी आनंदाने काढील. पण साधन, मुलाखत घेणारा, उंबरठ्यावर उभ्या परक्याला मनातले सांगण्याची तयारी आणि त्या वेळी मागच्या खोलीत बसलेली सासू, या साऱ्यांचा त्या फरकात वाटा असू शकतो.

विदर्भातला अनुभव या दृष्टीने विशेष आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये आले. २०१३ ते २०१५ या काळात पीएचक्यू-९ नुसार नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले आणि नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. यातला दुसरा आकडा अधिक वजनदार मानावा. पहिला आकडा चाळणीचा आहे, आणि ज्या गावात दोन वर्षे उदासीविषयी बोलले गेले त्या गावात त्याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या समजुतीने दिले जाणे शक्य आहे. माणूस दवाखान्यात गेला की नाही, याला शब्दार्थाची फारशी अडचण येत नाही.

चाळणीचा आकडा सुधारून घेण्याचे साधे सूत्र रोगन आणि ग्लॅडन यांनी १९७८ सालीच दिले आहे. मिळालेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून एक वजा करायचा आणि त्याला संवेदनक्षमता व विशिष्टता यांच्या बेरजेतून एक वजा केलेल्या संख्येने भागायचे. वरच्या उदाहरणातले १५.८ टक्के या सूत्रात घातले की ५ टक्के परत मिळतात. अट एवढीच की, या दोन्ही संख्या त्याच लोकांत, त्याच भाषेत तपासलेल्या असाव्यात. त्यासाठी होकार आलेल्यांबरोबर नकार आलेल्यांतीलही काही जणांची मुलाखत घ्यावी लागते, आणि खर्च वाचवण्यासाठी नेमके हेच टाळले जाते. २०२० च्या टाळेबंदीत समाजमाध्यमांवरून फिरवलेल्या असंख्य पाहण्यांत तर हा प्रश्न उद्भवलाच नाही. ज्यांना भरावेसे वाटले त्यांनी अर्ज भरले आणि त्यांची टक्केवारी 'भारतीयांची' म्हणून छापली गेली. प्रश्नावली कितीही वैध असली तरी निवडलाच न गेलेला नमुना ती दुरुस्त करू शकत नाही.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. दवाखान्यात तो विचारला की 'हो' म्हणणाऱ्यासमोर डॉक्टर बसलेला असतो. अमेरिकेतील मोठ्या दूरध्वनी पाहणीत मात्र तो वगळून 'पीएचक्यू-८' वापरण्यात आली, कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेला मुलाखतकार त्या माणसासाठी काही करू शकत नव्हता. नववा प्रश्न काढला तरी दहा गुणांचा उंबरठा तसाच ठेवता येतो, असे तपासणीत दिसून आले.